सूज उतरावी म्हणून

सिगसिग, ४ ऑगस्ट १९९६

दिग्ना,

अकरा वर्षांनी पत्र आलं म्हणून घाबरू नकोस. कोणी मेलेलं नाही. नवरा म्हणून सेगुंदोच आहे अजून, आणि अजून तसाच बडबडतो. मी हे पत्र तुला माफ करायला लिहिते आहे. बहिणीचं प्रेम उतू चाललंय असा गैरसमज करून घेऊ नकोस. औषध म्हणून लिहिते आहे.

झालं असं. गेल्या वर्षी क्वेंकाच्या इस्पितळात माझं एक ऑपरेशन झालं. बायकांचं. गाठ होती, ती काढली. तिच्याबरोबर आणखीही काय काय काढलं आणि मग कित्येक आठवडे यंत्राखाली निजवून किरण दिले. ते सगळं निभावलं, जखमही भरली. पण यंदा ईस्टर उलटला आणि उजवा हात सुजायला लागला. आधी अंगठी निघेना, मग ब्लाउजची बाही चढेना. आता कोपराखालचा हात माझा वाटतच नाही, कोणी दुसऱ्याचा आणून शिवल्यासारखा वाटतो. फार दुखत नाही, पण जड असतो. बोटाने दाबलं की खळगा पडतो आणि बराच वेळ तसाच राहतो. चर्चमध्ये मी शाल इतकी गुंडाळून बसते की बायका विचारतात, हिवताप आलाय का. टोपीचा काठ विणताना गवत ओढून घट्ट करायला लागतं, तेही आता जमत नाही. दोन टोप्यांचे काठ असे सैल निघाले की व्यापाऱ्याने माझ्यासमोर त्या बाजूला टाकल्या. आईच्या हाताखाली शिकलेल्या बाईची टोपी बाजूला टाकली, दिग्ना.

डॉक्टरकडे का गेले नाही असं विचारशील. तो कालचा पोरगा, त्याच्यापुढे पुन्हा ब्लाउज काढायचा? मेले तरी नाही. मी शुक्रवारी बाजारात उतारा काढणाऱ्या दोन्या रोसेंदाकडे गेले. तिने अंडं सगळ्या हातावरून फिरवलं, पेल्यात फोडलं, उजेडाला धरलं.

"सोइला, हा राग आहे," म्हणाली. "गिळलेला. खाली उतरायला जागा मिळाली नाही, म्हणून हातात जाऊन बसलाय. कोणावरचा गिळलास?"

"माझा कोणावरही राग नाही, दोन्या रोसेंदा. तुम्हाला माहितीये मी कशी आहे."

सेगुंदो बाहेर बाकावर बसला होता. तिथून ओरडला, "दिग्नावरचा! आणखी कोणावरचा! अकरा वर्षं उकडलेल्या मक्याबरोबर रोज गिळतेय ती!" सगळा बाजार हसला. कोथिंबीर विकणारीसुद्धा.

दोन्या रोसेंदा म्हणाली, नाव घेऊन आणि केलेली गोष्ट सांगून माफ करायचं, अर्धंमुर्धं चालत नाही. तेव्हा ऐक. मी, सोइला मारिया, माझी धाकटी बहीण दिग्ना हिला माफ करते. आपल्या घरातला लाकडाचा बाळ येशू आईच्या आईपासून थोरल्या मुलीकडे राहत आला. आईच्या नवव्या दिवसाच्या प्रार्थनेला, घर माणसांनी भरलेलं असताना, दिग्नाने त्याला टॉवेलात गुंडाळलं आणि माचालाच्या बसमध्ये बसून निघून गेली. नाताळात बाळाची मिरवणूक काढायचा मान आमच्या घरातून गेला. माझा कोनाडा तेव्हापासून रिकामा आहे. हे सगळं मी माफ केलं.

पत्र मिळालं की उलट टपाली कळव, म्हणजे दोन्या रोसेंदाला सांगता येईल. फोन करू नकोस. फोन-ऑफिसातली बाई कान लावून ऐकते आणि मग मला माझीच बातमी पिठाच्या दुकानात कळते.

सोइला मारिया

सिगसिग, ८ सप्टेंबर

दिग्ना,

तुझं पत्र मिळालं. एवढं लांब पत्र तू शाळेतसुद्धा कधी लिहिलं नसशील. शाई इतकी पसरली होती की काही ओळी सेगुंदोने अंदाजाने वाचल्या. "न्यान्या, बहिणी माझ्या, तुझा हात मी सुजवला," हे मात्र पानापानावर स्पष्ट होतं.

तू लिहितेस, "आई गेल्यावर त्या घरात तू होतीस, सेगुंदो होता, तुझी पोरं होती. मला कोण होतं? म्हणून त्याला नेलं. तो राग तुझ्या हातात जाऊन बसेल हे मला ठाऊक असतं तर त्याच आठवड्यात परत आणून ठेवलं असतं." यावर माझ्याकडे उत्तर आहे, चांगलं दोन पानी आहे. पण माफ केलंय म्हणून लिहीत नाही.

सूज जराशी उतरली आहे. दोन्या रोसेंदा म्हणते, माफीने मूळ ढिलं झालं, आता ते बाहेर काढायचं. म्हणून शुक्रवारी ऑर्तिगाच्या ओल्या जुडीने हात झोडपते. लहानपणी ओढ्याकाठी या पानांना हात लागला की आपण कशा बोंबलायचो, आठवतं ना? तीच. आधी कढत पाण्याचा शेक, मग जुडी. हात लालभडक होतो, फोड उठतात. ती खूश होऊन म्हणते, "बघ, बाहेर येतोय!" सेगुंदो म्हणतो, "पुढच्या शुक्रवारी तुला गिनीपिगसारखी सोलून शेगडीवर ठेवेल." त्याच्याकडे मी लक्ष देत नाही.

तू विचारतेस, बाळाला परत पाठवू का. त्यावर मी काही म्हणत नाही. ज्याने माफ केलं त्याने मागणं लावू नये. एवढंच कळवते की दोन्या रोसेंदाच्या मते उचललेली वस्तू जिथली तिथे आली तर दुखणं मुळासकट जाईल. हे तिचं म्हणणं आहे, माझं नाही. तू आणि तुझं मन.

सोइला

सिगसिग, ६ ऑक्टोबर

दिग्ना,

उत्तराला उशीर झाला. मी मध्ये क्वेंकाला होते. थोडा ताप आला होता, किरकोळ. अक्षर कोंबडीच्या पायांसारखं आलंय, कारण डाव्या हाताने लिहिते आहे. उजव्याला बोटांपासून काखेपर्यंत पट्ट्या बांधल्यात. सेगुंदोला म्हटलं, तू लिही. तर म्हणतो, "तुमच्या भांडणात मी शाईचा थेंबही घालणार नाही."

डॉक्टर काय म्हणाले, हे तू दोनदा विचारलंस. डॉक्टर काय म्हणणार, डॉक्टर म्हणतात तेच.

तू बाळाला पाठवायचं ठरवलंस, तेही या महिनाअखेरीला, ओळखीच्या बसवाल्याबरोबर. तुझं तू ठरवलंस. खोका पुढच्या सीटवर ठेवायला सांग, टपावर नको. डाव्या पायाचं एक बोट आधीच तुटलेलं आहे, ते बसवाल्याच्या नावावर नको पडायला.

याच्याखाली मी एक ओळ लिहून खोडली आहे. ती उजेडाला धरून वाचायचा प्रयत्न करू नकोस. तुझी सवय मला माहीत आहे.

सोइला

सिगसिग, १७ नोव्हेंबर

दिग्ना,

बाळ पोचला. सुखरूप.

त्याच्यासोबत तू शिवलेले कपडेही पोचले. निळं मखमली जाकीट, टिकल्यांची टोपी, बोटाएवढे बूट. अकरा नाताळांचे अकरा जोड, प्रत्येक जोड वेगळ्या कागदात. आईचे टाके असे बारीक नव्हते. शेजारपाजारच्या बायका आल्या, मेणबत्त्या लावल्या, रडल्या, माझ्या गळ्यात पडल्या. कोनाड्यात तो बसला. एवढी वर्षं मनात धरलेलं घडलं, आणि मला त्याच्याकडे बघवेना. मी पाहुण्यांना चहा देण्याच्या निमित्ताने स्वयंपाकघरातच राहिले.

खोक्याच्या तळाशी तुझी चिठ्ठी होती. ती मी चुलीपाशी उभ्याने वाचली. "गल्लीला मी खरं सांगून टाकलं, न्यान्या. म्हटलं, ज्याला तुम्ही इतकी वर्षं घोड्यावर बसवून मिरवलंत तो चोरून आणलेला होता, आणि माझ्या चोरीने माझ्या बहिणीचा हात सुजला. यंदाच्या मिरवणुकीसाठी पोरांचे मेंढपाळाचे कपडे शिवून झाले होते, त्यांनी फार आरडाओरडा केला. गल्लीतली दोन्या नोएमी आता माझ्याकडचा पाव घेत नाही. म्हणते, बहिणीच्या अंगात विष भरणारे हात ते, त्यांनी मळलेलं खायचं कसं? तिचं बघून आणखी दोन घरांनी सोडला. असू दे. तू बरी हो."

हे वाचून मी दोन पत्रं लिहिली आणि दोन्ही चुलीत घातली. हे तिसरं आहे. हे सेगुंदो आत्ताच्या आत्ता टपालात टाकायला नेणार आहे. दारात टोपी घालून उभा आहे, म्हणजे मला फाडता येणार नाही.

तुझ्यामुळे माझा हात सुजलेला नाही. मला हे सप्टेंबरपासून माहीत आहे.

तिसऱ्या शुक्रवारच्या झोडपण्यानंतर मला हुडहुडी भरली. हात खांद्यापर्यंत लाल आणि तव्यासारखा तापलेला. सेगुंदोने मला बटाट्याच्या ट्रकमध्ये घालून क्वेंकाला नेलं. तिथे इनेस नावाची नर्स होती, सारागुरोकडची, पाठीवर लांब वेणी. तिने हात बघितला.

"हे कशाने झालं, दोन्या सोइला?"

"झुडपात पडले."

"तीन शुक्रवार एकाच झुडपात?" सेगुंदोने दारातच सगळं ओकून ठेवलं होतं.

मग ती खाटेवर बसली आणि स्वतःच्या काखेत बोटं घालून दाखवायला लागली. म्हणाली, "इथे वाटाण्याएवढ्या गाठी असतात, सगळ्यांनाच. हातातलं पाणी त्यांच्यातून गाळून परत अंगात जातं. तुमच्या त्या गाठींत रोग शिरला होता, म्हणून डॉक्टरांनी त्या काढल्या. आसपासची जी काही वाट उरली ती किरणांनी आक्रसली. आता पाणी हातात येतं, पण पुरतं परत जाऊ शकत नाही. ते साठतं, त्याचीच ही सूज."

"आणि राग?"

"कसला राग?"

"गिळलेला."

"राग काखेतून जात नाही हो. जात असता तर माझे दोन्ही हात फुगले असते. घरी सासू आहे माझी."

मी तरी सोडलं नाही. म्हटलं, ऑपरेशनला वर्ष झालं, सूज तेव्हाच का नाही आली? ती म्हणाली, "कोणाला लगेच येते, कोणाला वर्षांनी, कोणाला येतच नाही. पण एकदा वाट अडली की त्या हाताला जपावं लागतं. कढत शेक नको, ओरखडा नको, गवताने कापणंसुद्धा नको. जखमेतून जंतू शिरले की सूज वाढते, आणि तुम्ही तर हाताला फोडच आणलेत. गेल्या वर्षी हाताचे व्यायाम आणि ही काळजी शिकवायला बोलावलं होतं ना सगळ्यांना? तुम्ही आला नव्हतात?"

नव्हते गेले. एका खोलीत दहा-बारा बायका, ब्लाउज काढून हात वर-खाली करतायत, भिंतीला आरसा. मी दारातूनच परत फिरले. सेगुंदोला सांगितलं, वर्ग रद्द झाला. मला लाज वाटली, दिग्ना. त्या जागेकडे मी स्वतःसुद्धा बघत नाही. अंधारात कपडे बदलते. नर्सने विचारलं तेव्हाही मी रद्द झाल्याचंच सांगितलं, आणि ती पट्ट्या बांधत राहिली.

आता खरी लाज सांगते. ती हाताची नाही. सूज पूर्ण जाणार नाही, पट्ट्यांनी आणि जपण्याने आवरता मात्र येईल, असं कळल्यावर मला पहिलं काय वाटलं असेल? मला वाटलं, हे दिग्नाला कळलं तर बाळ येणार नाही. तुझी पत्रं उशीखाली होती. त्यांत तू रडत होतीस, आणि मला ते गोड लागत होतं. इतकी वर्षं मला तेच हवं होतं. मग मी तुला "किरकोळ ताप" असं लिहिलं. खोडलेली ओळ ही होती: पाठवू नकोस, कारण तू नाहीस. लिहिली आणि खोडली.

आणखी एक. वस्तू परत आली की दुखणं मुळासकट जाईल, असं दोन्या रोसेंदा कधीच म्हणाली नव्हती. ते मी माझ्या मनाचं लिहिलं. सूज जराशी उतरली असं लिहिलं, तेही खोटं होतं, तेव्हा ती वाढत होती. त्या बिचारीचं चुकलं असेल, पण तिने मला बरं करायला झोडपलं. मी तुला कशासाठी झोडपलं?

बाळाला नाताळच्या आधी त्याच बसवाल्याबरोबर परत पाठवते. तुझ्याकडेच राहू दे त्याला. त्याचे कपडे बघून मला कळलं की तो कोणाचा आहे. गल्लीला काय सांगायचं ते तू सांग. माझं नाव घाल, वाटेल ते बोल.

सेगुंदो दार वाजवतोय.

सोइला

माचाला, २ डिसेंबर

न्यान्या,

तुझं पत्र वाचून मी पिठाची पिशवी भिंतीवर मारली. सगळी भिंत पांढरी झाली आणि ती पुसायलाही मीच.

तुझ्या हाताचं वाईट वाटतं, खरंच वाटतं. पण गेले दोन महिने मी रोज देवाला म्हणत होते, तिचा हात बरा कर आणि माझा सुजव. तू तिकडे पट्ट्या बांधून बसली होतीस आणि तुला माहीत होतं! आता रात्री मी माझ्याच हातांकडे बघते. पाव मळताना शंका येते. दोन्या नोएमी बोलली ते माझ्यातही शिरलंय.

बसवाल्याबरोबर काही पाठवायचं नाही. तू घेऊन यायचं. आणि गल्लीला मी काही सांगणार नाही. एकदा सांगितलं, ते खोटं निघालं, आता माझ्यावर कोण विश्वास ठेवेल? तू सांगायचं. माझ्या भट्टीपुढे, सगळ्यांसमोर उभं राहून, हात उघडा करून. नर्सने तुला सांगितलं ते सगळं. आणि "बायकांचं ऑपरेशन", "ती जागा" हे माझ्याकडे चालणार नाही. त्या जागेला नाव आहे. तू नावानिशी सांगितलं नाहीस तर लोक म्हणतील, थोरली धाकटीला पाठीशी घालतेय.

तुझी माफी परत पाठवते आहे, पाकिटात बघ. औषध तुझं होतं. मला ते लागू पडलं नाही.

दिग्ना

सिगसिग, ११ डिसेंबर

दिग्ना,

माझं ऑगस्टचं पत्र मिळालं. वाचलं. कसलं भयंकर पत्र आहे ते. कोणी मला असं माफ केलं असतं तर मी त्याच्या घरावर दगड टाकले असते. ते फेकून दिलंय. त्याच्या बदल्यात आज तुला काही देत नाही, कारण आता देणं तुझ्याकडे आहे. द्यायचं की नाही ते तू ठरव, माझी घाई नाही.

मी येते. शनिवारी दुपारच्या बसने. बाळ माझ्या मांडीवर असेल, डाव्या हाताच्या आधाराने. सेगुंदोही येणार आहे, नको म्हटलं तरी ऐकत नाही.

गल्लीत काय बोलायचं ते मी पाठ केलंय. काल रात्री सेगुंदो सूप पीत होता, तेव्हा त्याच्यापुढे पहिल्यांदा म्हणून बघितलं. तो शब्द आला आणि त्याने चमचा खाली ठेवला. आमच्या घरात तो शब्द त्याने कधी ऐकला नव्हता. मी बोलेन असं मलाही वाटलं नव्हतं. त्याने सूपची वाटी बाजूला सारली. मग म्हणाला, "एवढं सगळं एकटीने कशाला धरून बसलीस? मी काय फक्त ट्रक बोलवायला आहे का?" नंतर त्याने पहिल्यांदा पट्टी बांधून दिली. फार घट्ट बांधली, पुन्हा सोडावी लागली.

तुला आधी लिहून दाखवते. कमी-जास्त असेल तर शनिवारच्या आधी कळव. फोन केलास तरी चालेल, त्या बाईला ऐकू दे.

"मी सोइला, दिग्नाची थोरली बहीण. गेल्या वर्षी माझा उजवा स्तन कापून टाकला, त्यात कॅन्सर होता. काखेतल्या गाठींतही तो शिरला होता, म्हणून त्याही काढल्या. मग किरण दिले. हातातलं पाणी ज्या वाटेने परत जातं ती वाट त्यामुळे अडली, म्हणून माझा हात असा आहे. हे कोणाच्या चोरीने होत नाही आणि कोणाच्या रागाने होत नाही. नर्सने जपायला शिकायला बोलावलं, मी लाजून गेले नाही, आणि मग फोड येईपर्यंत हात झोडपून घेतला. माझ्या बहिणीने मला काहीही केलेलं नाही. मला हे कळल्यावरही मी तिला तिचाच दोष वाटू दिला, कारण मला बाळ हवा होता. तो आता इथेच राहील. दोन्या नोएमी, तिच्या हातचा पाव घ्या."

एवढं आहे. बाकी सगळं नीट येतं, स्तनसुद्धा येतं आता. "कारण मला बाळ हवा होता" इथे माझा आवाज जातो. काल गेला, आज सकाळीही गेला. तिथे मी अडकले तर पुढचं तू बोलू नकोस. थोडी वाट बघ. मी बोलेन.

तुझी न्यान्या